ताटातली भाकर आणि फिर्यादीतलं कलम

आधी कबुली देतो, मग शिव्या. शिव्या चर्चलाही आहेत नि आपल्यालाही आहेत. कबुली मात्र एकट्या माझी.

२०२१ च्या एप्रिलात माझी आई गेली. करोनाची दुसरी लाट होती. तालुक्याच्या गावी खाट मिळाली नाही, ऑक्सिजन मिळाला नाही. घरी परत आणली आणि पहाटे तिनं घरातच मान टाकली. दहा वाजले, बारा वाजले, उंबऱ्यापाशी कुणी फिरकेना. भावकीनं दारं लावून घेतलेली. गावाचं सोडूनच द्या. ज्या गावानं आम्हाला जितेपणी गावकुसाबाहेर ठेवलं ते मढ्याला काय हात लावणार? आणि आमची संघटना? जिच्यासाठी मी रात्र-रात्र भिंती रंगवल्या तिच्या पोरांनी मोबाईलवर आईचा फोटो टाकला. खाली 'क्रांतिकारी अभिवादन'. त्या पडद्यावर शंभरावर मेणबत्त्या पेटल्या. एकाही मेणबत्तीला हात नव्हते.

दुपारी चार पोरं आली. वस्तीच्या वरल्या अंगाला पत्र्याचं चर्च आहे, तिथल्या तरुण संघाची. अंगात प्लास्टिकचे झगे, तोंडाला फडकी. म्हणाली, "दादा, तू फक्त पाणी धर. बाकीचं आम्ही बघतो." त्यांनी आईला उचललं, तिरडी बांधली, सरण रचलं. मी त्रिसरण म्हणत होतो तेव्हा हात जोडून उभी राहिली. येशूचं नाव कुणी काढलं नाही. पुढे पंधरा दिवस चर्चच्या महिला मंडळातल्या मावश्या माझ्या दाराबाहेर डबा ठेवून जायच्या. पिठलं, भाकर, कधी कालवण. लांबूनच ओरडायच्या, "जेव रं लेकरा, मेलेल्यासंगं मरता येत नसतं."

आता कबुली. ह्या लोकांना मी पंधरा वर्षं 'दूधपावडरवाले' म्हणत आलो. भाषणात म्हटलं, चहाच्या टपरीवर म्हटलं, एकदा छापूनही आणलं. आमचा खापरपणजा एकच. त्याच्या एका पोराची पिढी दुष्काळात मिशनच्या दारात गेली. दुसऱ्याची पिढी १९५६ नंतर बाबासाहेबांच्या मागोमाग बुद्धाकडे आली. रक्त एक, वस्ती एक, पाण्याचा नळ एक. तरी आम्ही त्यांना पोटासाठी देव बदललेले म्हणायचो. उपाशी माणूस पोटासाठी काही करतो यात लाज उपाशी माणसाला कशी काय वाटायची? लाज वाटायला पाहिजे ती त्याला उपाशी ठेवणाऱ्याला. एवढं साधं गणित आम्हा पुस्तकं वाचणाऱ्यांना जमलं नव्हतं. ते मावश्यांच्या डब्यानं शिकवलं.

इथपर्यंत वाचून चर्चवाले खुश झाले असतील. थांबा.

दोन वर्षांनी त्या चौघांतल्या एकाला गावात मारला. बाकी राहिलेली मजुरी मागायला गेला होता. स्वतःच्या घामाचे पैसे. भर चौकात त्याची जात काढली, आईबहीण काढली, काठीनं हात मोडला. नीट ध्यानात घ्या : मारणाऱ्यांनी त्याला 'ख्रिश्चन' म्हणून मारलं नाही. त्यांना त्याचा बाप्तिस्मा आठवला नाही. त्याच्या खापरपणजाची जात मात्र बरोबर आठवली.

मग तो तीन दारांत गेला. मी सोबत होतो, म्हणून सांगतो.

पहिलं दार ठाण्याचं. अंमलदारानं विचारलं, "दाखल्यावर काय आहे?" पोरगा म्हणाला, "ख्रिश्चन." अंमलदारानं पेन खाली ठेवलं. "मग ॲट्रॉसिटी लागत नाही." साधी मारामारी लिहून घेतली. मारणारे संध्याकाळी त्याच चौकात चहा पीत बसले.

दुसरं दार आमच्या संघटनेचं. तिथं एक नेता म्हणाला, "तो आपल्यातला नाही. त्याचं त्याचं चर्च बघून घेईल." मोर्चा नाही, निवेदन नाही, साधं पत्रक नाही.

तिसरं दार त्याच्या स्वतःच्या चर्चचं. तिथं त्याला छातीशी धरलं. मंडळीनं वर्गणी काढून दवाखान्याचं बिल भरलं. मावश्यांनी महिनाभर घर चालवलं. आणि पाळकसाहेब म्हणाले, "बाळा, क्षमा कर. आपण प्रार्थना करू. गावाशी वैर नको." मी म्हटलं, "साहेब, तहसीलवर चला." ते म्हणाले, "चर्च राजकारणात पडत नाही."

एकानं कायद्याचं दार लावलं, एकानं चळवळीचं. तिसऱ्यानं दार उघडलं, आत घेतलं, मलम लावलं नि आतून कडी घातली. ह्या लेखात मला एवढंच म्हणायचं आहे : जी दया माणसाला जेवू घालते पण त्याच्यासोबत ठाण्याची पायरी चढत नाही, ती अर्धी दया. आणि जी चळवळ ठाण्यावर घोषणा देते पण मढ्याला खांदा देत नाही, तीसुद्धा अर्धीच. दोन अर्धवटांच्या मधे आपला माणूस मरतो.

आता कुणी म्हणेल, चर्चकडून एवढी अपेक्षा कशाला? तर आमच्या नगर जिल्ह्याचाच इतिहास काढून बघा. आता जिल्ह्याचं नाव अहिल्यानगर झालंय, इतिहास तोच आहे. अमेरिकन मराठी मिशननं १८४२ साली तिथं 'ज्ञानोदय' काढला. त्याच शहरात सिंथिया फरार नावाची अमेरिकन बाई मुलींची शाळा चालवत होती. ती शाळा बघून जोतीराव पुण्याला परतले आणि १८४८ साली त्यांनी स्वतःची मुलींची शाळा काढली. जोतीराव स्वतः स्कॉटिश मिशनच्या शाळेत शिकलेले. मिशनरी देवाचं दुकान घेऊन आले होते हे जोतीरावांना कळत नव्हतं काय? चांगलं कळत होतं. त्यांनी दुकानातली पाटी-पेन्सिल उचलली आणि देव तिथंच ठेवला.

आणि १८५५ साली काय झालं? मुक्ता साळवे. मांगाची पोर, जोतीराव-सावित्रीच्या शाळेत शिकलेली. तिनं मांग-महारांच्या दुःखावर निबंध लिहिला. तो छापला कुणी? 'ज्ञानोदया'नं. त्या काळात मांगाच्या पोरीचा शब्द छापायचा म्हणजे कुणाकुणाच्या शेंड्या जळाल्या असतील याचा हिशेब करा. मिशननं गोधड्या वाटल्या, औषध दिलं, दुष्काळात धान्य दिलं. ते सगळं खरं. पण गोधडी फाटली, धान्य संपलं. छापलेला निबंध आजही जिवंत आहे. म्हणजे चर्चनं आजवर केलेली सगळ्यात मोठी दया कोणती? ताटात वाढलेली नव्हे. तोंड उघडू दिलं, ती. हे चर्चलाच आज आठवत नाही, ही खरी गोष्ट आहे.

आता आपल्याकडे वळतो. आपण पँथरची नावं घेतो, छातीवर बिल्ला लावतो. १९७२ साली मुंबईत दलित पँथर उभी राहिली ती अमेरिकेतल्या ब्लॅक पँथरचं नाव घेऊन. त्या ब्लॅक पँथरचा आपल्या भिंतीवरचा फोटो कसा असतो? काळं जाकीट, तिरकी टोपी, हातात बंदूक. हा फोटो खरा आहे. पण दुसराही एक फोटो आहे आणि तो आपण कधी लावला नाही. त्यात तोच जाकीटवाला हातात कढई घेऊन उभा आहे आणि बाकड्यावर काळी पोरं न्याहारी करताहेत.

ही न्याहारी सुरू झाली १९६९ च्या जानेवारीत, कॅलिफोर्नियातल्या ओकलंड शहरात, सेंट ऑगस्टिन नावाच्या एका वस्तीतल्या चर्चमध्ये. तिथले पाळक फादर अर्ल नील, स्वतः काळे. त्याच मंडळीतली रूथ बेकफर्ड नावाची नाच शिकवणारी बाई. ह्या दोघांनी पँथरवाल्यांबरोबर बसून आखणी केली. शाळेत जाणाऱ्या पोराच्या पोटात सकाळी काही नसेल तर मास्तरचं गणित डोक्यात कुठून शिरणार? बाईनं आहाराची माहिती काढली, दुकानदारांकडून माल मागितला, चर्चनं जागा दिली, पोरांच्या आया नि पँथर पहाटे उठून चुली पेटवू लागले. पहिल्या दिवशी ११ पोरं आली, आठवडा संपता संपता १३५ झाली असं सांगतात. वर्ष संपेपर्यंत हे लोण शहराशहरात गेलं.

आणि गंमत बघा. अमेरिकेच्या गुप्त पोलिसांचा बडा साहेब, जे. एडगर हूवर, याला पँथरच्या बंदुकीचा राग होताच. पण १९६९ साली त्यानं आपल्या माणसांना कळवलं की पँथर मोडून काढायच्या कामात ही फुकटची न्याहारीच सगळ्यात मोठी अडचण ठरू शकते. का? कारण बंदूक दाखवून माणसं लांब जातात आणि अंडं-पाव दिल्यानं जवळ येतात. ज्या आईचं पोर तुमच्या हातचं खाऊन शाळेत गेलं, तिला सरकारनं कितीही सांगितलं की हे गुंड आहेत, ती ऐकेल? सरकारची स्वतःची शाळेतल्या न्याहारीची योजना १९६६ पासून प्रयोग म्हणून रेंगाळत होती. ती १९७५ साली कायम झाली. पोटाचा प्रश्न चव्हाट्यावर आला की सरकारलाही चूल पेटवावी लागते.

ओकलंडच्या त्या चर्चमध्ये दोन अर्धी एकत्र आली होती. चर्चकडे जागा होती, मावश्या होत्या, दयेची सवय होती. पँथरकडे राग होता, पोरं होती, पोर उपाशी का राहतं याचं उत्तर होतं. एकाच चुलीवर दया नि राग शिजला. फादर नील "चर्च राजकारणात पडत नाही" म्हणाले नाहीत. १९७१ च्या ऑगस्टमध्ये पँथरचा जॉर्ज जॅक्सन तुरुंगात गोळ्या घालून मारला गेला, तेव्हा त्याची अंत्ययात्राही त्याच चर्चमधून निघाली. सकाळी ज्याला जेवू घातलं त्याचं मढंही आपलंच, एवढी समज त्या मंडळीला होती.

आमच्या पाळकसाहेबांना मी त्यांच्याच बायबलातली गोष्ट सांगितली. चांगल्या शोमरोन्याची. लहानपणी रविवारच्या शाळेत खाऊच्या लोभानं जायचो तेव्हा ऐकलेली. यरुशलेमहून यरीहोला जाणाऱ्या वाटसरूला लुटारूंनी झोडपून टाकलेलं. याजक आला, बघून पलीकडनं गेला. लेवी आला, तोही गेला. शेवटी आला शोमरोनी. त्यानं जखमा बांधल्या, जनावरावर घातलं, धर्मशाळेत नेलं, पैसे भरले. दरवर्षी ह्या गोष्टीवर उपदेश होतो : दयाळू व्हा. अरे, पण शोमरोनी म्हणजे कोण होता? ज्याचा विटाळ मानायचे तो. ज्याच्या हातचं पाणी यहुदी घेत नसत तो. म्हणजे गोष्ट काय सांगते? सोवळ्यातले पुढे निघून गेले आणि अस्पृश्यानं माणुसकी केली. दया ही वरच्यानं खालच्यावर करायची गोष्ट नाही, हे त्या सुताराच्या पोरानं दोन हजार वर्षांपूर्वी सांगितलं. माझ्या आईला उचलणारी चार पोरं आणि डबा ठेवणाऱ्या मावश्या, हे सगळे शोमरोनीच. त्या कुणी बंगल्यातून उतरून आल्या नव्हत्या. त्यांच्याही डब्यात तेवढंच पीठ होतं. म्हणून ती भाकर घशाखाली उतरली. मालकाच्या घरची असती तर अडकली असती.

पण गोष्टीत एक प्रश्न राहतो. उद्या दुसरा वाटसरू त्याच रस्त्यानं जाईल. लुटारू तिथंच आहेत. शोमरोनी रोज किती जणांना धर्मशाळेत नेणार? मार्टिन ल्यूथर किंग स्वतः पाळक. १९६७ च्या एप्रिलात न्यूयॉर्कच्या रिव्हरसाइड चर्चमध्ये बोलताना त्यांनी ह्याच रस्त्यावर बोट ठेवलं. रस्त्याच्या कडेला मलमपट्टी करून भागणार नाही, तो आख्खा रस्ताच बदलायला हवा, असा त्यांचा मुद्दा. आमच्या गावातला रस्ता चौकातून जातो. लुटारू तिथं चहा पीत बसलेत. पाळकसाहेब, धर्मशाळेचं बिल तुम्ही भरलं, मान्य. रस्त्याचं काय?

हे मी नव्यानं विचारत नाही. बाबासाहेबांनी धर्मांतरित ख्रिश्चनांच्या स्थितीवर लिहून ठेवलंय. महाराष्ट्र शासनानं १९८९ साली त्यांच्या इंग्रजी ग्रंथमालेच्या पाचव्या खंडात ते छापलं. मिशनऱ्यांच्या सेवेचं मोल त्यांनी नाकारलं नाही. पण त्यांनी विचारलं : शाळा-दवाखान्यांवर खर्च झालेला पैसा गेला कुणाच्या पदरात? मोठा वाटा वरच्या जातींच्या. आणि चर्चमध्ये गेल्यावर जात गेली का? नाही गेली. सामाजिक अन्यायाविरुद्ध ख्रिश्चन समाज समाज म्हणून उठला का? तोही नाही. चर्चनं हे वाचून रागवायचं कारण नाही. तामिळनाडूत तिरुचिरापल्लीच्या मेलापुदूरला ख्रिश्चनांच्या कबरस्तानात दलितांची मढी वेगळी ठेवायला भिंत घातली गेली. मेल्यावरही शिवाशिव! २०१६ च्या डिसेंबरात देशातल्या कॅथलिक बिशपांनीच धोरण काढून कबूल केलं की चर्चमध्ये अस्पृश्यता आहे. कबुली चांगली. माझीही कबुलीच आहे. कबुलीनंतर काय, हा सवाल आहे.

आता ठाण्यातल्या त्या पेनाकडे या. ते पेन खाली का ठेवलं गेलं? १९५० च्या राष्ट्रपतींच्या आदेशानं ठरवलं की हिंदू असेल तोच अनुसूचित जातीचा. १९५६ साली शिखांना आत घेतलं. १९९० साली बौद्धांना घेतलं. दलित ख्रिश्चन आणि दलित मुसलमान अजून बाहेर. १९८९ चा ॲट्रॉसिटी कायदा अनुसूचित जाती-जमातींच्या माणसासाठी, म्हणून ज्याच्या दाखल्यावर ख्रिश्चन त्याला तो लागत नाही. २०२५ साली आंध्र प्रदेशच्या उच्च न्यायालयानं पाळक म्हणून काम करणाऱ्या एका माणसाची ॲट्रॉसिटीची तक्रार ह्याच मुद्द्यावर रद्द केली. म्हणजे मारणाऱ्याच्या डोक्यात जात पक्की, फक्त कायद्याच्या कागदावरची पुसलेली. न्या. रंगनाथ मिश्रा आयोगानं २००७ च्या अहवालात सांगितलं की अनुसूचित जातीचा धर्माशी संबंध तोडा. अहवाल फायलीत गेला. २०२२ साली न्या. बालकृष्णन यांचा नवा आयोग नेमला. आयोगावर आयोग. हात मोडलेला पोरगा तारखेला जातोय.

इथं आपल्यातले काही जण कुजबुजतात : हे आत आले तर आपला वाटा कमी होईल. भीती खोटी नाही, तिला मी हसणार नाही. भाकरी लहान आहे हे सगळ्यांना माहीत आहे. पण भाकरी लहान कुणी ठेवली? भाकरी मोठी करा अशी मागणी करायची की बाजूच्या उपाशी भावाला ढकलायचं? आणि जरा मागं वळून बघा. १९५६ ते १९९०, चौतीस वर्षं केंद्राच्या लेखी आपण बौद्ध झालो म्हणून अनुसूचित राहिलो नव्हतो. तेव्हा आपणच ओरडत होतो : धर्म बदलला म्हणून गावानं जात सोडली काय? तोच सवाल आज चुलतभाऊ विचारतोय. आपण अंमलदाराचं उत्तर द्यायचं? "तो आपल्यातला नाही" हे वाक्य आपल्या तोंडात आलं कुठून? आपल्याला हजारो वर्षं तेच ऐकवलं गेलं, म्हणून पाठ झालंय काय?

तर मग काय करायचं? मोठमोठ्या गोष्टी सांगत नाही.

चर्चला सांगतो : तुमच्या महिला मंडळाकडे वर्गणीची वही आहे. कुणाच्या घरी पीठ संपलं, कुणाची बाई बाळंत झाली, सगळं तिच्यात लिहिलंय. शेजारी दुसरी वही ठेवा. कुणाची मजुरी बुडवली, कुणाला जातीवरून शिवी दिली, ठाण्यानं काय लिहून घेतलं नि काय घेतलं नाही, तारखेसकट लिहा. पाळकसाहेबांनी पांढरा झगा घालून एकदा ठाण्यात बसावं, फक्त बसावं. क्षमा करायचीच असेल तर आधी गुन्हा नोंदवून करा. न नोंदवलेल्या गुन्ह्याची क्षमा म्हणजे गावाला दिलेली सूट. आठवडाभर रिकामं असणारं चर्च रात्री अभ्यासाला उघडा, बौद्धांच्या पोरांनाही, मातंगांच्या पोरांनाही.

आपल्या पोरांना सांगतो : घोषणा घसा बसेपर्यंत द्या, पण सकाळी कुणाच्या घरी चूल पेटली नाही याची खबर ठेवा. दवाखान्यात रात्रभर बसायला माणूस लागतो, मढ्याला चार खांदे लागतात, बाळंतिणीला डबा लागतो. हे 'सुधारणावादी' काम नव्हे, बाबांनो. ज्या वस्तीला तुमच्या हातांची ओळख नाही ती तुमच्या मोर्चात का म्हणून येईल? मावश्यांकडून शिका. आणि 'दूधपावडरवाले' हा शब्द इथून पुढं जो कुणी माझ्यासमोर उच्चारील, त्याला मी माझ्या आईचं सरण कुणी रचलं ते सांगीन.

गेल्या महिन्यात त्या पोराची तारीख होती. आम्ही सहाजण गेलो. तीन चर्चचे, दोन संघटनेचे, एक मावशी. मावशीनं फडक्यात भाकरी बांधून आणल्या होत्या. कोर्टाच्या आवारात लिंबाखाली बसून खाल्ल्या. पुढची तारीख पडली. पुढच्या तारखेला सहाचे साठ करायचेत. भाकरी मावशी आणणार आहे. माणसं तुम्ही आणा.

जय भीम.